नळराजाचे घोडे व आमची नाव

मोटारगाडी कोणती घ्यावी हें आमच्यासारख्यास कोणीं विचारावें, असा प्रश्न वाचकांस पडल्यावांचून राहणार नाहीं. आम्हांस मोटार चालवितां येत नाहीं. उभ्या आयुष्यांत आम्हीं स्वतः विकत घेतलेलें वाहन म्हणजे एक सायकल, आणि तीहि दुकानदारानें निवडून दिली. तथापि गेल्या चैत्र-वैशाखांत आमच्या घरीं या विषयाचा जो महिनाभर खल चालला, त्यांतून आम्हांस अंग काढून घेतां आलें नाहीं. त्यांत जें कळलें तें इतरांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हें लिहीत आहों.

घर तळेगाव (श्यामजी पंत) येथील. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, नागपूर-अमरावती महामार्गावर हें गांव आहे. घरांत वडील बंधु, म्हणजे दादा, वहिनी, त्यांचा मुलगा व सूनबाई, त्यांचीं दोन मुलें आणि आम्ही. शेती आहे, शेतींत संत्र्याची बाग आहे, आणि बागेचा माल वरूडला किंवा नागपुरास कळमन्याच्या बाजारांत न्यावा लागतो. त्यासाठीं होती ती जुनी मालगाडी थकली होती. नवी घ्यावयाची हें ठरलेलेंच होतें. परंतु पुतण्यानें एके रात्रीं जेवतांना सांगितलें कीं, नवी गाडी नुसती संत्रीं नेणारी नको, ती नाव ओढणारी पाहिजे.

ब्राह्मणाच्या घरांत नाव कोठून आली, हें सांगितलें पाहिजे. आमच्या गांवाहून आष्टीवरून पुढें गेलें म्हणजे अप्पर वर्धा धरणाचें पाणी लागतें. धरणाची भिंत मोर्शी तालुक्यांत सिंभोऱ्याजवळ. परंतु पाण्यास जिल्ह्याची हद्द कळत नसल्यामुळें तें अमरावती व वर्धा या दोन्ही जिल्ह्यांत पसरलें आहे. १९९३ सालीं हें धरण पुरें झालें. त्यास १३ दरवाजे आहेत, आणि अमरावती शहर तेंच पाणी पितें. पावसाळ्यांत पाणी चढतें. उन्हाळ्यांत तें दूर ओसरतें आणि उघड्या पडलेल्या गाळांत लोक गाळपेर करतात. म्हणजे आज जेथें काठ आहे तेथें दोन महिन्यांनीं काठ नसतो.

१४ सप्टेंबर २०२१ रोजीं याच वर्धा नदींत, वरूड तालुक्यांतील झुंज येथें, नाव उलटून ११ माणसें बुडालीं. दशक्रियेच्या निमित्तानें जमलेलीं तीं एकाच गोतावळ्यांतील माणसें होतीं. त्या बातमीनंतर आमच्या बाजूच्या कांहीं तरुणांनीं वर्गणी काढली. दोन वर्षें काढली, तेव्हां कोठें चौदा फुटांची फायबरची एक नाव, तिला पाठीमागें लावावयाचें एक इंजिन, दोर व लाइफ जॅकेटें एवढें जमलें. आर्वीच्या एका वेल्डरकडून तिच्याखालीं दोन चाकांची ट्रॉली करून घेतली. आमचा पुतण्या त्या मंडळींत आहे. त्यांत एक भोई तरुण आहे, आमचा जुना विद्यार्थी. नावेची सारी मदार त्याच्यावर. संस्कृतांत तो कधीं उत्तीर्ण झाला नाहीं, आणि पाण्यांत आम्ही होणार नाहीं.

गेल्या भाद्रपदांत एका दुपारीं निरोप आला. बैल धुवावयास उतरलेला एक तरुण चढत्या पाण्यांत ओढला गेला होता, आणि आंत बुडालेल्या एका बाभळीच्या शेंड्यास धरून होता. काठावरून तो दिसत होता. नाव तयार होती, माणसें तयार होतीं. एका परिचितांची मालवाहू पिकअप मागून आणली व तिला ट्रॉली जोडली. डांबरी सडकेवर ती सुरेख धांवली. सडक सोडून काठाकडे वळली मात्र, काळ्या मातींत तिचीं मागचीं दोन चाकें जागच्या जागीं गरगर फिरूं लागलीं आणि आंखापर्यंत रुतलीं. दगड टाकले, पाचट टाकलें, दहा जणांनीं ढकललें. शेवटीं ट्रॉली सोडून, नाव खांद्यावर घेऊन मंडळी चिखलांतून निघाली. नाव तेथें पोहोंचली तेव्हां बाभूळ होती. तिच्या शेंड्यास कोणी नव्हतें.

पुतण्या त्या रात्रीं जेवला नाहीं, व आम्हीं त्यास आग्रहहि केला नाहीं. गाडीविषयींचें त्याचें बोलणें त्या दिवसापासून चाललें होतें. आम्हीं तें चैत्रांत ऐकलें इतकेंच.

आतां गाड्यांकडे वळूं. तरुणांच्या मनांत प्रथम मोठें नांव येतें, आणि तें साहजिक आहे. पुतण्यानें दोन गाड्यांचीं चित्रें आम्हांस दाखविलीं. एक टोयोटाची हायलक्स, जी २०२२ सालीं आपल्या देशांत विकावयास आली. तिचें डिझेल इंजिन २.८ लिटरचें, अश्वशक्ति २०४. दुसरी इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, आंध्र प्रदेशांतील श्री सिटीच्या कारखान्यांत बनणारी. तिचें इंजिन १.९ लिटरचें, अश्वशक्ति १६३. परदेशांत या मापाच्या गाडीस मध्यम पिकअप म्हणतात, आणि नाव ओढणें हा तिचा नित्याचा धंदा आहे. ऑस्ट्रेलियांत या दोन्ही जातींच्या गाड्यांस, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असतील तर साडेतीन हजार किलोंपर्यंत ओढण्याची मुभा असते. ब्रेक नसतील तर साडेसातशे किलोंचीच. हे आंकडे पुतण्यानें पाठ केले होते. दादांनीं ते ऐकून घेतले व किंमत विचारली. ती आपल्याकडच्या साध्या मालगाडीच्या जवळजवळ तिप्पट होती.

दादांचें मत अगदीं उलट. त्यांचें म्हणणें, पुढें दोघांची बैठक व मागें लांबरुंद हौदा असलेली बोलेरो पिकअप घ्यावी. दीड-पावणेदोन टन माल जातो, आर्वीचा कोणताहि मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो, आणि संत्र्याच्या हंगामांत एका खेपेचें काम एकाच खेपेंत होतें. "नाव वर्षांतून चार वेळां निघेल. संत्रीं रोज निघतात," हें त्यांचें वाक्य. त्यावर पुतण्या कांहींच बोलला नाहीं. तो अंगणांत जाऊन ट्रॉलीचा दोर पुन्हां गुंडाळीत बसला.

आम्हांस त्या वेळीं नळराजाची आठवण झाली. सरकारदप्तरीं या जलाशयाचें नांवच ‘नल-दमयंती सागर’ असें आहे, आणि जुन्या विदर्भाची राजधानी म्हणून जें कुंडिनपूर लोक दाखवितात तें कौंडण्यपूरहि याच वर्धेच्या काठीं, आमच्यापासून फार दूर नाहीं. वनपर्वांतली कथा वाचकांस माहीत आहेच. दमयंतीचें दुसरें स्वयंवर उद्यांच आहे असा निरोप अयोध्येस पोहोंचतो, आणि ऋतुपर्ण राजा आपल्या बाहुक नांवाच्या सारथ्यास एका दिवसांत विदर्भ गांठावयास सांगतो. बाहुक म्हणजे वेष पालटलेला नळ. तो पागेंत जातो आणि कृश दिसणारे घोडे निवडतो. राजा रागावतो. असले मरतुकडे घोडे एवढा पल्ला कसा काढणार? नळ म्हणतो, विदर्भास पोहोंचतील ते हेच. आपणांस दुसरे बरे वाटत असतील तर सांगा, ते जोडतों. राजा रथावर चढतो तों ते घोडे गुडघ्यांवर येतात! आणि पुढें तेच घोडे असे जातात कीं राजाचा शेला पडतो, तो उचलावयास थांबा म्हणेपर्यंत एक योजन मागें राहिलेला असतो.

ही कथा आम्हीं त्या रात्रीं घरांत सांगितली. मुलांस ती आवडली. दादांस वाटलें आम्ही त्यांच्या बाजूचे. परंतु कथेचें अर्धें आम्हींच विसरलों होतों, तें सूनबाईनें आठवून दिलें. ती गणिताची पदवीधर आहे. "काका, वाटेंत राजा झाडाचीं पानें आणि फळें मोजून सांगतो, तें राहिलें," ती म्हणाली. खरेंच, बेहड्याच्या झाडाखालून जातांना ऋतुपर्ण त्याचीं पानें-फळें किती हें सांगतो, नळ रथ थांबवून झाड पाडून मोजतो, आणि आंकडा बरोबर निघतो. मग एकानें दुसऱ्यास घोड्यांचें मर्म दिलें व दुसऱ्यानें मोजणीचें. "आपण अजून नावच मोजली नाहीं," सूनबाई म्हणाली. साडेतीन हजार किलो ओढणारी गाडी पाहिजे कीं नको हें ठरविण्यापूर्वीं ओढावयाचें किती आहे हें आमच्या घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. दोन आठवडे वाद घालून झाले होते.

दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमागें नाव जिनिंगच्या धरमकाट्यावर गेली. नाव, इंजिन, भरलेली टाकी, दोर, जॅकेटें व ट्रॉली मिळून ६४० किलो. म्हणजे ब्रेक नसलेल्या ट्रॉलीची जी परदेशी मर्यादा, तिच्याहि आंत. पुतण्याचा चेहरा किंचित् उतरला. साडेतीन हजारांचें प्रयोजन उरलें नाहीं.

पण सूनबाई तेवढ्यावर थांबली नाहीं. संत्रीं तोलण्याचा जमिनीवरचा विजेचा कांटा तिनें अंगणांत आणविला आणि ट्रॉली सपाट जमिनीवर उभी करून, विटांनीं उंची सांधून, तिचें हुकाचें टोंक त्यावर टेकविलें. १८ किलो. हें फार कमी, असें ती म्हणाली. हें कां, तें आम्हांस प्रथम कळलें नाहीं. कळलें तें बंडीवरून, आणि तें येथें सविस्तर सांगण्यासारखें आहे.

ज्यानें बैलबंडी हांकली आहे त्यास ठाऊक असतें कीं बंडी भरणें ही हांकण्याहून मोठी विद्या आहे. कापसाचें ओझें आंखाच्या मागें फार गेलें तर बंडी उलाळते, जूं वर उचलतें व बैलांचे गळे आवळतात. पुढें फार आलें तर सारा भार बैलांच्या मानेवर बसतो, बैल चालत नाहींत. चांगला गडी मागचा-पुढचा भार असा राखतो कीं जूं मानेवर टेकलेलें असावें पण दाबूं नये. ट्रॉलीचें तसेंच आहे. तिच्या एकंदर वजनाचा सुमारें दहावा-बारावा हिस्सा गाडीच्या हुकावर टेकला पाहिजे. तो फार कमी पडला कीं वेग येतांच ट्रॉलीचें शेपूट डोलूं लागतें, आणि एकदां डोलूं लागलें कीं तें पुढच्या गाडीस घेऊन खड्ड्यांत जातें. फार जास्त पडला कीं गाडीचा मागचा भाग दबतो, पुढचीं चाकें हलकीं होतात व वळण नीट घेववत नाहीं. आमच्या नावेचें इंजिन पाठीमागें लटकलेलें, म्हणून जूं उचललें जात होतें. नाव ट्रॉलीवर हातभर पुढें सरकवून नवीन ठोकळे लावले; कांट्यानें ५२ किलो दाखविले. वर्षभर ती ट्रॉली तशीच उलाळती फिरत होती, आणि कोणाचा जीव गेला नाहीं हें आमचें नशीब.

मोजणी झाली, राहिलें घोड्यांचें मर्म. तें भोई तरुणानें सांगितलें. नागपुरास जाऊन आम्ही दोन दुकानें पाहून आलों होतों. तेथें विचारलें, ही गाडी ट्रॉली किती ओढील? एका ठिकाणीं विक्रेत्यानें माल किती जाईल तें सांगितलें, दुसऱ्यानें गाण्याच्या यंत्राविषयीं सांगितलें. चालवून पाहावयास दिली ती रिकामी गाडी, गुळगुळीत सडकेवर. हें सारें ऐकून तो हंसला व म्हणाला, "गुरुजी, रस्ता सारेच पाह्यतात. तुमी चिखल पाहा."

म्हणून आम्हीं चिखल केला. बागेची एक पट्टी मोटारपंप लावून रात्रभर भिजविली. गांवांत व आसपास ज्यांच्याकडे निरनिराळ्या पिकअप आहेत अशा चार ओळखीच्या मंडळींस सकाळीं चहास बोलाविलें. चहा झाल्यावर एकेकानें आपली गाडी नाव जोडून त्या पट्टींतून न्यावयाची. हा खेळ पाहावयास अर्धें गांव लोटलें. मागचीं दोनच चाकें फिरणारी गाडी रिकामी असतांना दहा हात गेली व बसली. तिच्याच हौद्यांत संत्र्याच्या पंधरा भरलेल्या क्रेट ठेवल्या तेव्हां मागच्या चाकांस जमीन सांपडली आणि ती तीस हात गेली, पण शेवटीं बसलीच. मालगाडीचें हेंच दुर्दैव आहे. माल असतांना ती पहिलवान आणि रिकामी असतांना पांगळी, व नाव ओढतांना ती रिकामीच असते. मग ज्या गाडीस चारी चाकांकडे जोर देतां येतो, ज्यास लोक फोर बाय फोर म्हणतात, ती आली. चालकानें दुसरा लहान दांडा ओढून हळू चालीचा गिअर घातला, चाकांतली हवा थोडी सोडली, आणि गाडी बैलाच्या चालीनें, न घसरतां, पट्टीच्या त्या टोंकास गेली. ती जुनी, पत्रा गंजलेली, एका डोळ्यानें आंधळी अशी बोलेरो कॅम्पर होती. भोई तरुणानें आमच्याकडे पाहिलें.

अश्वशक्तीविषयीं येथें थोडें. इंजिनाच्या फिरकीचा जो जोर, त्यास टॉर्क म्हणतात. हायलक्सचा तो ४२० पासून ५०० पर्यंत, व्ही-क्रॉसचा ३६०, टाटाच्या योद्ध्याचा २५०, आणि बोलेरोचा सुमारें २००. आंकडे पाहिले तर बोलेरो शेवटच्या बांकावरची. परंतु ६४० किलो चिखलांतून काढावयास २०० पुरतो. मात्र तो हळू गिअरमधून, चारी चाकांस वांटून मिळाला पाहिजे. दोन चाकांस ५०० दिला तर चिखल लांब उडतो, एवढेंच.

कायद्याचें काम आमच्याकडे आलें, कारण तें वाचावें लागतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ट्रॉली हें स्वतंत्र वाहन आहे आणि तिची नोंदणी वेगळी लागते. आमची झालेली नव्हती, ती आतां केली. पुतण्याचा परवाना हलक्या मोटारीचा. मालवाहू गाडी त्यावर चालते कीं नाहीं हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं मिटविला. एकूण भारासह साडेसात हजार किलोंच्या आंतली मालगाडी त्या परवान्यावर चालवितां येते. पण सर्वांत महत्त्वाचें कलम साधें आहे. मालाच्या हौद्यांत माणसें बसवूं नयेत. भाद्रपदांत त्या पिकअपच्या हौद्यांत सात जण उभे होते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. म्हणून दोघांची बैठक असलेली गाडी बाद झाली. पांच जणांची, दोन ओळींच्या आसनांची, मागें आंखूड हौद्याची, आणि चारी चाकांची गाडी पाहिजे. दादांच्या क्रेट कमी होणार, खेपा वाढणार. दादा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं वहिनींकडून निरोप धाडला कीं, दोन खेपा करूं. समोरासमोर बोलणें त्यांच्या स्वभावांत नाहीं.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. परंतु अडली ती जेथें कोणाच्या मनांत नव्हतें तेथें. निवड बोलेरो कॅम्परवर आली असतां सूनबाई म्हणाली, "घ्यायची तर मोठी घ्या."

जिनें नाव तोलली, जिनें साडेतीन हजारांचा फुगा फोडला, तिनें हें म्हणावें याचें आम्हांस नवल वाटलें. आम्हीं तिला तिचेच आंकडे ऐकविले. ती म्हणाली, "हिशेब मला येतो, काका. पण पाऊस असेल, रात्र असेल, घाट असेल, मागें ट्रॉली असेल, आणि चालवणारे हे असतील. मोठ्या गाडींत हवेच्या पिशव्या सहा-सात आहेत, घसरण आवरणारी यंत्रणा आहे. दुसऱ्याला वांचवायला जाणाऱ्यालाहि कोणी वांचवायला नको का?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतें. तळेगावाजवळचा सत्याग्रही घाट ज्यानें पावसांत पाहिला आहे त्याच्याकडेहि नसेल. सुरक्षिततेच्या बाबतींत महाग गाडी उजवी, हें कबूल केलेंच पाहिजे. तें न करतां स्वस्त गाडीची स्तुति करणें लबाडी होईल. नळाच्या घोड्यांवर आम्हीं जी भिस्त ठेविली होती ती त्या रात्रीं पुष्कळ डळमळली. नळ स्वतः रथावर होता खरा. परंतु घरीं त्याची वाट पाहणारीनें कोणते घोडे निवडले असते, हें व्यासांनीं सांगितलेलें नाहीं.

दादांनीं बागेचा दोन एकरांचा तुकडा गहाण टाकण्याची तयारी दाखविली. हें आम्हांस अपेक्षित नव्हतें, पुतण्यासहि नव्हतें. आणि मग पुतण्याच म्हणाला, नको. त्यानें कारण सांगितलें तें असें: महाग गाडीचा एखादा भाग मोडला तर तो नागपुराहून किंवा आणखी दुरून यावयाचा, आणि श्रावण-भाद्रपदांत गाडी आठ दिवस उभी राहिली तर ती असून नसल्यासारखी. आर्वीचा मिस्त्री रात्रीं दोन वाजतां उठून येतो. तो जी गाडी उघडूं शकतो तीच गाडी पाहिजे. हें खरें कारण कीं बापाची जमीन वांचविण्याचें निमित्त, हें आम्हीं विचारलें नाहीं. सूनबाईनें आपल्या अटी एका कागदावर लिहिल्या: ट्रॉली जोडलेली असतां वेग ताशीं ४० किलोमीटरच्या वर नाहीं, घाट उतरतांना ब्रेकवर न उतरतां खालच्या गिअरवर उतरावयाचें, पट्टे पांचही जणांनीं बांधावयाचे, रात्रीं एकट्यानें जावयाचें नाहीं. पुतण्यानें खालीं सही केली. तिचें समाधान झालें असें आम्ही लिहिणार नाहीं. तिनें वाद थांबविला.

अक्षय्यतृतीयेस गाडी आली. वहिनींनीं चाकांखालीं लिंबें ठेविलीं, मुलांनीं हार घातला. रंग पांढरा, पुतण्यास करडा हवा होता, तो मिळाला नाहीं.

त्यानंतरचा पंधरवडा मागें जाण्याच्या शिक्षणांत गेला. ट्रॉली जोडलेली गाडी मागें घेणें ही एक उलटी विद्या आहे. ट्रॉलीचें शेपूट डावीकडे न्यावयाचें तर चाक उजवीकडे फिरवावें लागतें, आणि ज्यास वीस वर्षें सरळ चालविण्याची संवय त्याचे हात ऐकत नाहींत. पुतण्यानें खळ्यांत दोन कुंड्या व एक तुळशीचें रिकामें वृंदावन आडवें केलें. अखेर कोणीं तरी युक्ति सांगितली कीं, हात चाकाच्या खालच्या कडेवर ठेवावा आणि जिकडे ट्रॉली न्यावयाची तिकडे हात न्यावा. इतक्या साध्या युक्तीनें काम झालें, आणि कुंड्यांचें मरण थांबलें. शाळेंत आम्हीं किती मुलांस उगाच छड्या मारल्या, असा विचार त्या दिवशीं आमच्या मनांत येऊन गेला.

ज्येष्ठांत, पावसापूर्वीं, जलाशयावर पहिली परीक्षा झाली. पाणी ओसरून दूर गेलें होतें. भेगाळलेली गाळपेर ओलांडून गाडी ओल्या काठाशीं गेली. पुतण्यानें ट्रॉली मागें घेत पाण्यांत घातली, नाव आपोआप तरंगली, आणि भोई तरुणानें ती दोरीनें बाजूस घेतली. काढतांना चाकें एकदां घसरलीं. हळू गिअर घातल्यावर चिखल चेंगरीत, पाणी निथळत, नाव वर आली. पण दोष निघालेच. गाडीचा हुक बेताहून उंच होता, त्यामुळें ट्रॉलीचें तोंड उचललें जाऊन शेपूट खालीं गेलें व इंजिनाचा पंखा दगडावर घासला. आर्वीस नेऊन हुक चार बोटें खालीं करून घेतला. दुसरें, ट्रॉलीच्या चाकांचें. लांबच्या धांवेनें तापलेला आंख एकदम पाण्यांत बुडाला म्हणजे आंतली हवा आकसते व पाणी आंत ओढलें जातें. ग्रीस धुतलें जाऊन बेरिंग गंजतें. सहलीस जाणारा मनुष्य आंख थंड होईपर्यंत काठावर चहा घेऊं शकतो, पण ज्यास घाई आहे त्यास तें शक्य नाहीं. म्हणून नाव पाण्यांतून आली कीं त्याच संध्याकाळीं चाकें खोलून नवें ग्रीस भरावयाचें, असा नेम ठरला, आणि तो आमच्या धाकट्या नातवाकडे सोंपविला. तो कोंपरापर्यंत काळा होतो व फार खुष असतो.

परवां गाडींत बसण्याचा योग आला. समोर, कांचेच्या वर, सूनबाईच्या हस्ताक्षरांतील अटींचा तो कागद चिकटविलेला दिसला. खालीं नंतर केव्हां तरी तिनें आणखी एक ओळ लिहिली होती: ‘माणसें ५, जॅकेटें ६.’ चुका काढण्याची आमची जुनी खोड. घरीं आल्यावर आम्हीं तिला म्हटलें, आंकड्यांत कांहीं गफलत दिसते.

ती संत्रीं निवडीत होती. मान वर न करतांच ती म्हणाली, "परत येतांना सहा असायला हवेत, काका."